दोन स्पीकरच्या मधली जागा

अनीशने दुकानातले भलेमोठे खोके नाकारले आणि दोन लहानसे स्पीकर उचलले. त्याचे वडील मधुकरराव रिक्षा घरी पोचेपर्यंत हसत होते.

"गणपतीच्या मंडळाला दाखव गड्या. चटणीचे डबे म्हणून घिऊन जातील."

"अप्पा, खोली केवढीशी आपली! मोठ्या वूफरनं नुसतं घुमेल. आईचा आवाज त्यात बुडून जाईल."

आईचं नाव निघालं आणि अप्पांचं हसू मावळलं. शेजारी मांडीवर लेकीला, श्रद्धाला घेऊन बसलेल्या मयूरीने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाहेर बघायला लागली.

सांगलीतल्या त्या घराची मागची खोली चिंचोळी. आई, म्हणजे शरयूबाई, वारल्या त्याच्या आदल्या वर्षी अनीशने तिथंच खिडकीच्या दोन टोकांना दोन माइक बांधून त्यांचं बोलणं टेप केलं होतं. तांदूळ निवडत, मधेच उठून फडताळाशी जात त्या बोलत होत्या. अप्पा तेव्हा ओसरीवर होते. त्यांची उत्तरं माइकपर्यंत पोचलीच नाहीत. तेवढी जागा कॅसेटवर रिकामी राहिली.

अनीशने स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले, स्टुलांवर कानाच्या उंचीला ठेवले, त्यांची तोंडं जराशी आत वळवली. सुतळीने दोन्हींपासून सारखं अंतर धरून एकच खुर्ची मांडली. मागच्या भिंतीवर आईच्या लुगड्यांची गोधडी टांगली, म्हणजे आवाज आदळून परत यायला नको.

कॅसेट सुरू झाली. शरयूबाई बोलत होत्या, पण कुठून ते कळेना. आवाजाला अंगच नव्हतं. तो पाठीमागून येई, छतातून येई, मयूरीला तर वाटलं आपल्याच पदराआडून येतोय. तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"एकाची वायर उलटी लागली," अनीश म्हणाला. "एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग आवाज मधे ठरत नाही." त्याने एका स्पीकरच्या मागची दोन टोकं अदलाबदल केली.

आणि शरयूबाई मधोमध येऊन बसल्या. जिथं काहीच नव्हतं, तिथं.

"आवं, पलूसहून शेंगा आणल्या का?"

"आणल्या की," खुर्चीतून अप्पा म्हणाले.

सोमवारी अनीश साताऱ्याला नोकरीवर गेला. अप्पा खुर्चीतून हलेनात. दार लोटून घेत, कॅसेट संपली की पुन्हा पहिल्यापासून लावत. जेवायला हाक मारली की आतून एकच उत्तर, "थांब सूनबाई, ती बोलतीय." ताट झाकलेलंच राही. धोतर कमरेवर ठरेना झालं. एकदा दार उघडं राहिलं तर श्रद्धा रांगत आत गेली, दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेपुढं बसली आणि उचलून घे म्हणून तिने हात वर केले.

मयूरीने तिला उचलून बाहेर आणलं. तिने कोपऱ्यावरच्या बूथमधून साताऱ्याला फोन लावला.

"ऐकू दे गं त्यांना," अनीश म्हणाला.

"अहो, ते जेवत नाहीत! असंच चाललं तर..."

दुसऱ्या दिवशी अप्पा अंघोळीला गेले तशी ती स्पीकरच्या मागं गेली आणि वायरीची टोकं उलटी लावली. आवाज ठरेना झाला की ते कंटाळतील, उठतील, चार घास खातील. एवढाच तिचा हिशेब.

कॅसेट लागली आणि अप्पा उठले खरे.

"शरयू? कुठं गेलीस गं उठून?"

त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, परसात डोकावले. मयूरी श्रद्धाला उचलून घेईस्तोवर ते अनवाणी रस्त्यावर होते. शेजारच्या रंगुबाईला विचारत होते, "आमची मंडळी हिकडनं गेली का वं?"

रंगुबाईच्या हातातला झाडू खाली पडला. "मयूरी, आगं काय म्हणतात हे?"

"काही नाही मावशी." मयूरीने सासऱ्यांचा हात धरला. "चला अप्पा, त्या घरातच आहेत."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय म्हणालो.

तिने वायरी नीट केल्या, अप्पांना खुर्चीत बसवलं आणि लेकीला घेऊन त्यांच्या पायाशी बसून राहिली. त्यांना एकटं सोडायचा धीर होईना. शरयूबाई मधोमध आल्या. शेंगांचं बोलल्या, आष्ट्याच्या बहिणीला नावं ठेवली, फडताळाशी जाऊन परत आल्या. मयूरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होती. अगदी शेवटी त्या उठल्यासारख्या वाटल्या.

"आवं, पान वाढलंय. बसून घ्या. गार व्हतंय."

"बसलो की," अप्पा म्हणाले, आणि हात धोतराला पुसून समोर बघत राहिले.

कॅसेट खट्‌कन थांबली. पान आलं नाही. बराच वेळ वाट बघून अप्पांनी कॅसेट मागं फिरवायला हात पुढं केला.

आता मयूरीला उमगलं. रोज त्या वाढायला उठत होत्या आणि रोज हे असे वाट बघत होते.

ती स्वयंपाकघरात धावली. भाकरी, आमटी, कांदा. ताट आणून तिने दोन स्पीकरच्या मधे ठेवलं आणि तिथंच बसली. अप्पा खुर्चीतून खाली उतरले, मांडी घातली, भाकरी मोडली. पहिला घास गिळताना त्यांचे डोळे मिटले.

मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, "शरयू, आमटीत मीठ कमी हाय."

'अप्पा, मी मयूरी,' असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या हातात दुसरा घास होता.

"उद्या जरा जास्त घालते," ती म्हणाली, आणि पुढं 'अप्पा' म्हटलं नाही.