मोज्यात झाकलेला आरसा

मित्रांनो, मी जीपच्या उजव्या कुशीला लटकणारा एक जुना आरसा आहे. समोर काय आहे ते मला कधीच दिसले नाही. माझ्या वाट्याला आले ते गेलेले वळण, उडालेली धूळ आणि मागून येणारी गाडी. ज्याचे सगळे आयुष्य मागून कोण येते आहे हे बघण्यात गेले, त्याचा स्वभाव संशयी होणारच. तेव्हा माझी हकिकत ऐकताना थोडे सावध राहा.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. मोठ्या तावातून मला कापले, पाठीवर चकचकीत मुलामा दिला आणि त्यावर करडा रंग फासला. तपासणीच्या टेबलापाशी एक बाई बसत. त्या प्रत्येक आरशात स्वतःचे नाक बघत. नाक वाकडे दिसले की आरसा बाद. माझ्यात त्यांनी दोनदा नाक पाहिले आणि मग मला पास केले. दुसऱ्यांदा का पाहिले, ते त्या बोलल्या नाहीत. आपल्यात काही खोट आहे की काय, ही शंका तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

पुढे मला एका जीपवर बसवले. जीप चालवणारा माणूस उंच, काटकुळा आणि अबोल होता. स्टँडवरचे सगळे त्याला ‘खिळा’ म्हणत. डोंगरातल्या रस्त्याने सहलीला येणाऱ्या माणसांना तो वर घेऊन जाई, तंबू ठोकून देई, पायवाटा दाखवी. प्राणी दाखवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची युक्ती फक्त मला माहीत होती. गाडीचा आवाज आला की जनावरे झुडपात दबून बसतात आणि गाडी पुढे गेली की हळूच रस्त्यावर येतात. गाडीतली माणसे डोळे ताणून पुढे बघत बसतात. खिळा मात्र माझ्यात बघे. ‘थांबा, मागं बघा,’ एवढेच तो म्हणे. मग गाडीत आनंदाचा गलका होई, आणि खिळा रुमालाने माझी काच पुसे. ते माझे चांगले दिवस होते.

एकदा एक भाऊ-बहीण आमच्या गाडीत बसले. भाऊ निवृत्त कंपाउंडर होते. चाळीस वर्षे त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांवरच्या खोट्या सह्या पकडल्या होत्या. त्यामुळे खरी सही दिसली तरी ते ती उजेडात धरून बघत. त्यांची थोरली बहीण, आक्का, गळ्यात दुर्बीण आणि हातात पक्षी-प्राण्यांची यादी घेऊन आली होती. पाच दिवस वर राहायचे ठरले होते.

चढ लागला आणि खिळा नेहमीप्रमाणे माझ्यात बघू लागला. कंपाउंडरकाका नेमके त्याच्या मागच्या सीटवर होते. त्यांना माझ्यात खिळ्याचे डोळे दिसले. पुन्हा दिसले. तिसऱ्यांदा दिसले तेव्हा त्यांनी शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली.

‘आक्का, हा सारखा माझ्यावर डोळा ठेवून आहे,’ ते कुजबुजले.

‘तुझ्यात बघण्यासारखं काय आहे रे, बापू? दाढीसुद्धा केलेली नाहीस.’

तेवढ्यात खिळ्याने गाडी थांबवली. ‘मागं बघा.’ रस्ता ओलांडून सात रानबकऱ्या कड्यावर चढत होत्या. आक्कांच्या हातातली यादी खाली पडली. काका मात्र बकऱ्यांकडे न बघता खिळ्याकडे बघत राहिले. ‘याला आधीच कसं ठाऊक? कुणीतरी आणून सोडलेल्या असतील,’ ते पुटपुटले.

खरे सांगतो मित्रांनो, मला काकांचे हे बोलणे पटले नाही. पण त्यांची नजर आवडली. माझ्यासारखाच कोणीतरी भेटला असे वाटले.

ओढ्याकाठी, दगडी बांधाच्या कडेला आमचा तळ पडला. तंबू उभे झाले. मग खिळा दोन जुने मोजे घेऊन आला. एक त्याने डाव्या आरशावर चढवला आणि एक माझ्यावर. माझ्याभोवती अंधार झाला. मोज्याच्या टाचेला भोक होते, पण ते मागच्या बाजूला. मोजा धुतलेला नव्हता, हेही नमूद करतो. हा मला विकणार, माझ्या मनात आले. काढून न्यायची वस्तू आधी झाकतात. इतकी वर्षे पुसले, ते काय यासाठीच?

बाहेर काका आक्कांना सांगत होते, ‘बघितलंस? आरसे झाकले. मागून कोण येतंय ते आपल्याला दिसू नये म्हणून.’

‘मग विचार की त्याला.’

‘विचारलं तर सावध होईल. अशा माणसाला विचारायचं नसतं.’

दुसऱ्या दिवशी आक्का ओढ्याकाठी पक्षी बघत बसल्या. काका एकटेच पायवाटेने खाली उतरून गेले आणि दुपारी धापा टाकत आले. माझ्यावर हात टेकून ते म्हणाले, ‘रस्त्यावरच्या वनखात्याच्या चौकीत जाऊन तक्रारवहीत लिहून आलोय. ड्रायव्हर संशयास्पद. प्रवाशांवर पाळत ठेवतो. आरसे झाकतो. तीन ओळी, खाली सही. रखवालदार म्हणाला, वही साहेबांकडे गेली की याचा डोंगराचा परवाना थांबेल.’

‘अरे, त्याचं पोट आहे त्याच्यावर!’

‘आपलाही जीव आहे, आक्का.’

मोज्याच्या आत मी ऐकत होतो. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटले नाही, ही माझी कबुली आहे. बरे झाले, असेच वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिळा आक्कांना वरच्या पठारावर घेऊन गेला. काका तळावर राहिले. खिळ्याच्या माघारी तळावर कोण येते, ते त्यांना बघायचे होते. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यावरचा मोजा ओढला. लख्ख ऊन माझ्यावर पडले. काकांनी माझ्यात बघितले. मागे रिकामा रस्ता होता. कोणी येत नव्हते. ते झाडाखाली दबा धरून बसले.

आधी आला तो शेपटी वरखाली हलवणारा एक काळा-पांढरा परीट पक्षी. चोचीत अळी होती. तो माझ्या कडेवर बसला, त्याने वाकून आत बघितले आणि अळी टाकून दिली. माझ्यात त्याला दुसरा परीट दिसला होता. आपल्या घराजवळ हा कोण उपटला? त्याने चोच मारली. आतल्यानेही मारली. मग तो पंखांनी, पायांनी, सगळ्या अंगानिशी माझ्यावर तुटून पडला.

काका आधी हसले. ‘भांग पाडायला आलाय जणू!’ पण अर्धा तास झाला, तास झाला, पक्षी हटेना. तो धापा टाकी, खाली पडे, पुन्हा वर येई. त्याच्या चोचीच्या मुळाशी रक्त दिसू लागले. काकांनी टाळ्या वाजवल्या, टोपी हलवली. पक्षी बांधापर्यंत उडे आणि परत येई. त्याला मी सांगणार तरी कसे, की आत कोणी नाही, तूच आहेस?

आक्का आणि खिळा पठारावरून उतरले तेव्हा ऊन चढले होते. आक्कांनी दुर्बीण बांधाकडे वळवली. ‘बापू, त्या फटीत घरटं आहे. पाच चोची उघड्या आहेत. आई एकटीच खाऊ आणतेय. बापाला काय झालं?’

खिळा धावतच आला. त्याने माझ्यावर तळहात ठेवला. पक्षी एकदा घिरट्या घालून बांधाकडे गेला.

‘मोजा कुणी काढला?’ खिळ्याने विचारले.

काकांनी जमिनीवरच्या मोज्याकडे बघितले. मग आक्का म्हणाल्या, ‘तू कशाला झाकत होतास रे आरसे?’

‘पिल्लं असली की असं करतात हे, आक्का. आरशाशी भांडत बसतात आणि पिल्लं उपाशी मरतात. मागच्या साली दोन मेली माझ्यामुळं. म्हणून झाकतो.’

‘आणि गाडीत माझ्याकडं काय बघतोस सारखा?’ काकांचा आवाज बारीक झाला होता.

‘तुमच्याकडं? मी रस्ता बघतो, काका. जनावरं मागून निघतात ना.’

काकांनी खाली पडलेला मोजा उचलला, झटकला आणि स्वतःच्या हाताने माझ्यावर चढवला. या वेळी चिमटीत धरून नव्हे.

पाचव्या दिवशी खिळ्याने मोजे काढले आणि आम्ही निघालो. परतताना काकांनी चौकीपाशी गाडी थांबवायला सांगितली. तक्रारीची गोष्ट त्यांनी खिळ्याला रस्त्यातच सांगितली होती. चौकी गाडीच्या मागे राहिली, म्हणून मला सगळे दिसले.

‘माझ्या ओळी खोडायच्या आहेत,’ काका रखवालदाराला म्हणाले.

‘खोडता येत नाही. पानांना नंबर आहेत. काय ते खाली लिहा.’

काका उघड्या दारात टेबलाशी बसून खूप वेळ लिहीत होते. तीनदा त्यांनी पेन खाली ठेवले. खिळा स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्यात त्यांची पाठ बघत होता.

ते गाडीत येऊन बसले. आक्कांनी विचारले, ‘झालं?’

‘दीड पान लिहिलं.’

‘मग आता काळजी कसली?’

‘त्या तीन ओळी अजून वरच आहेत, आक्का.’

आणि तसेच झाले. साहेबांनी आधी वरच्या तीन ओळी वाचल्या आणि परवाना थांबवला. खालचे दीड पान वाचायला त्यांना सवड झाली दोन महिन्यांनी. तोवर ऐन हंगाम सरला. खिळा सामान वाहायच्या कामाला लागला. आमची जीप शेडमध्ये उभी राहिली. माझ्यात दोन महिने एकच भिंत होती, आणि काचेवर धुळीचा थर चढत गेला.

परवाना परत मिळाला. खिळा पुन्हा डोंगरावर जातो आणि मी त्याच्यासोबत असतो. माझ्या पाठीचा मुलामा आता कडेने सुटत चालला आहे आणि मला काळे डाग पडले आहेत. माझे संशय घेणे अजूनही पुरते सुटलेले नाही.

मित्रांनो, डोंगरात तळ टाकलात तर गाडीचे आरसे आठवणीने झाका. कुठल्या फटीत कोणाची पिल्ले वाट बघत असतील, सांगता येत नाही. आणि एखाद्या माणसाचे वागणे खटकले, तर आधी त्याच्यासमोर उभे राहून त्याला सरळ विचारा. मला कोणाला काही विचारता आले नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.