पुसट झालेला नंबर मी वाचला

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काठाशी एक बारीकसा टवका. पण टवका बघून नाक मुरडू नका हं! एका मुलीचं अख्खं दुकान मी वाचवलंय, आणि ते ऐकवल्याशिवाय मी तुम्हांला सोडणार नाही.

मुळात मी काचेचा ओबडधोबड तुकडा. कारखान्यात मला इतकं घासलं, इतकं घासलं, की वाटलं आता आपण संपलोच. पण संपलो नाही, स्वच्छ झालो. मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं मला विकत घेतलं.

त्याच्याकडे नेमबाजीच्या क्लबच्या रायफली यायच्या. रायफलीच्या नळीवर नंबर, सांगाड्यावर नंबर, गोळीमागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवरही नंबर. आणि प्रत्येक नंबर सरकारी कागदाशी जुळायलाच हवा. एक जरी जुळला नाही, तरी दुकानाच्या परवान्यावर गदा! मला वाटलं, वा, इथे आपली चैन आहे. कसली चैन? कारागिराची नजर तेज. "मला नाही लागत असली खेळणी," म्हणत त्यानं मला स्क्रूंच्या खणात टाकलं. टवका तिथलाच. वर्षानुवर्षं अंधार आणि तेलाचा वास. फार वाईट वाटायचं हो.

मग त्याची लेक कामाला लागली आणि माझं नशीब उघडलं. रायफल आली की ती आधी मला हातात घ्यायची. जुन्या कागदावरून नंबर उतरवायचा नाही, धातूवरचा वाचायचा, मगच लिहायचा. शिवाय नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. तुम्ही नाण्याचा छाप काढता ना, तस्संच. त्या छापावर तारीख, रायफल आणणाऱ्याची सही, आणि मग तो फाइलला.

"अगं, बंदूक दुरुस्त करायची की चित्रं काढायची?" बाबा चिडवायचे.

"बाबा, तुमचा हात सगळं ओळखतो. पण तपासणीला तुमचा हात फाइलला लावू का?" तीही काही कमी नव्हती.

बाबा आता थकले होते. परवाना लेकीच्या नावावर व्हायचा होता, पण तपासणी नीट पार पडली तरच. नाहीतर दुकानाला टाळं.

तपासणी आली म्हणून बाबांना हौस आली. लेक बाहेर गेलेली असताना त्यांनी क्लबच्या रायफलीचा बोल्ट पॉलिशच्या चाकावर धरला आणि आरशासारखा चकचकीत करून ठेवला.

तपासणीच्या बाई आल्या. एकेक भाग हातात घेऊन कागदाशी ताडून बघू लागल्या. बोल्टपाशी थांबल्या.

"ह्यावरचा नंबर कुठाय?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, चूक माझी. चांगला दिसावा म्हणून जरा जास्तच घासला. पोरीचा ह्यात काही दोष नाही."

"नंबर मिटवणारे सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडत बसली नाही. फाइलमधून छाप काढला, बॅटरी आडवी धरली आणि मला बाईंच्या हातात दिलं. "मी सांगत नाही. तुम्हीच बघा."

मित्रांनो, काय सांगू! तिरक्या उजेडात त्या आरशावर बारीक सावल्या उठल्या. मी सगळा जीव काचेत आणला. चार दिसला. एक दिसला. शेवटी सात, आणि त्या साताची शेपटी अर्ध्यात तुटलेली! कारखान्यात ज्या ठशानं तो आकडा उमटवला, त्याचंच टोक मोडकं असणार. बाईंनी मला छापावर नेलं. तिथेही चार, एक आणि तस्साच शेपूटतुटका सात. पुन्हा बोल्ट, पुन्हा छाप.

"जुळतोय," बाई म्हणाल्या. "मिटवलेला नाही, घासला गेलाय. मी तसं लिहिते. क्लबला कळवा, आणि परवानगी आल्याशिवाय ह्यावर नवा नंबर मारू नका."

जिंकलो! हात असते तर टाळ्याच पिटल्या असत्या.

आता तुम्ही विचाराल, ह्यातून शिकायचं काय? कुठलीही वस्तू जरूर चमकवा, पण आधी तिच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचून ठेवा. आणि घरात एखादं भिंग अडगळीत पडलं असेल, तर त्याला मऊ फडक्यानं पुसा आणि कामाला लावा. आम्हांला कामाची फार आवड असते.

पण थांबा, खरी गंमत राहिलीच. बाईंनी कागद बाबांपुढे सरकवला. "इथे मालकांची सही."

बाबांनी पेन घेतलं, क्षणभर धरलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"मग हिची घ्या," ते म्हणाले. "मी इथला कामगार."