बुधवारचा वास

माझ्या मुलाने, शौनकने, हडपसरला फ्लॅट घेतला आणि मीही तिकडे राहायला गेले, तेव्हा गॅलरीतून अजून ऊस दिसायचा आणि उसाच्या पलीकडे आयटी पार्कच्या काचा. शेजारी कल्याणी आणि अभय भाड्याने राहत. दोघंही त्या काचांमागेच नोकरीला. बुधवारी त्यांना सुट्टी असे आणि त्यांच्याकडे सुकट भाजली जाई. मी पदर नाकाला लावून खिडकी बंद करी.

ही सवय जुनी, टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिथे आम्ही बारा जणी ट्रंक बोर्डावर बसून बाहेरगावचे फोन जोडायचो. सोलापूर लागलं नाही की लोक आम्हाला बोल लावायचे, लागलं की दिवाळीला पेढे आणून द्यायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर चंद्रभागा. तिच्या आवाजाने तापलेला माणूससुद्धा अहोजाहोवर यायचा. तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला. सुकटीची चटणी होती. मी नाकाला पदर लावून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

"मंदाकिनीबाई, तुमच्या नाकाला बढती द्यायला हवी," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ती खाली सायकल स्टँडपाशी जेवायला लागली. डब्यात भेंडी असली तरी खालीच. मी तिला वर बोलावलं नाही.

त्याच वर्षी ती युनियनच्या निवडणुकीला उभी राहिली. मागणी एकच, ऑपरेटर बायकांसाठी पाळणाघर. शौनक तेव्हा दीड वर्षाचा होता. रोज सकाळी त्याला शेजारच्या द्वारकाकाकूंच्या दारात रडता सोडून मी कामावर यायचे. तरीही मी तिला मत दिलं नाही. तिला अनुभव नाही, साहेबांपुढे तिचं चालणार नाही, अशी कारणं मी मनाशी जुळवली. ती पडली. पाळणाघर शेवटपर्यंत झालं नाही. मत माझ्या मळमळीने दिलं होतं आणि कारणं नंतर आली होती, हे कळेपर्यंत मी निवृत्त झाले होते.

एका बुधवारी सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ कागद घेऊन आले.

"वहिनी, शेजारचा फ्लॅट रिकामा करून घ्यायचाय. मालक अमेरिकेत असतात. लागून राहणाऱ्यांची तक्रार असेल तर काढतो म्हणालेत. लागून तुम्हीच."

"तक्रार कसली?"

"वासाची. जिन्यात उभं राहवत नाही."

"तिसऱ्या मजल्यावरचे मेजर रोज मासे तळतात."

"ते पापलेट असतं हो."

"पापलेटला वास नसतो?"

"तसं नाही. पण एकदा असली माणसं शिरली, की..."

"असली म्हणजे?"

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "तुम्हालाही त्रास होतोच की. आत्ताही पदर नाकाला आहे तुमच्या."

होता खरा. माझं मलाच कळलं नव्हतं. पलीकडे तवा तापला होता आणि हात आपोआप नाकाकडे गेला होता, तीस वर्षांपूर्वी गेला होता तसाच.

"होतो ना त्रास," मी म्हटलं. "म्हणूनच सही करत नाही."

"मला कळलं नाही, वहिनी."

"मलाही उशिराच कळलं. या."

ते गेल्यावर मी खिडकी लावली. ताट वाढून घेतलं आणि एकटीच जेवायला बसले. चंद्रभागाही अशीच बसत असेल, सायकलींकडे तोंड करून.