डोळे मिटले की पडते

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी भरल्या विहारात, हात जोडून, डोळे मिटून उभी असताना मी सरळ शकुबाईच्या अंगावर कोसळले. शकुबाई लताबाईवर गेली आणि लताबाई मेणबत्त्यांच्या ताटावर. मी उठले, पदर सावरला आणि म्हटलं, "चालू द्या, चालू द्या." वंदना पुन्हा चालू झाली. मी पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा पडले. या खेपेला दुसऱ्या बाजूला.

दाराशी उभा असलेला मल्हारी म्हणाला, "सकाळी सकाळीच का बाई?"

सगळी वस्ती हसली. हसणारच. मी, चतुराबाई, सातपूरच्या आमच्या वस्तीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. हातभट्टीचे चार गुत्ते मी बंद पाडलेले. पाचवा मल्हारीचा, तेवढा राहिला होता. पहिली बाटली मी माझ्याच घरात फोडली होती, आमच्या सहादूंच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पाट्यावर. तेव्हापासून सहादू चहावर आहेत. आणि आज दारूबंदीवाली बाई भर वंदनेत झोकांड्या खाते म्हटल्यावर लोकांना दुसरा सण कशाला पाहिजे?

पण मी प्यायले नव्हते. मला पाय नव्हते. म्हणजे होते, दोन्ही जागेवर होते, फक्त त्यांची खबर मला येत नव्हती.

हे सगळं एका डॉक्टरपासून सुरू झालं.

एकोणऐंशी सालापर्यंत मी जाड होते. जाड म्हणजे माझ्याच खानावळीच्या दारातून आडवी होऊन आत जायचे. गरिबाच्या वस्तीत बाई जाड असली की लोकांना वाटतं चोरून खाते. मी चोरून नाही, उघड खात होते. कारखान्यातल्या पोरांना डबे पुरवायचे, उरलंसुरलं टाकायचं जिवावर यायचं. मल्हारी मला 'रोडरोलर' म्हणायचा. गुत्त्यावर धाड घातली की तो दारूने भरलेली रबरी ट्यूब खांद्यावर टाकून पळायचा आणि मी दहा पावलांत धापा टाकत बसायचे. तो वळून म्हणायचा, "या बाई, या, थांबतो मी."

तेव्हा गंगापूर रोडला अमेरिकेहून एक डॉक्टर आले. नवीन ऑपरेशन शिकून आले होते. आतडं कापून आडवाटेने जोडायचं, खाल्लेलं अंगी न लागता बाहेर जातं, माणूस बारीक होतो. शहरात जाडे शेठ काय कमी होते? पण पहिलं पोट पुढे करायला एकही शेठ तयार होईना. मग डॉक्टर निघाले गरीब जाड माणूस शोधायला. या देशात! कुणीतरी माझं नाव सांगितलं. खानावळीत आले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जसे सहादू लग्नातही बघत नव्हते.

"फुकट करतो," म्हणाले.

त्यांचा काटा मला पुरेना. मग मला मोटारीत घालून लाकडाच्या वखारीत नेलं आणि जळणाच्या काट्यावर चढवलं. वखारवाला सवयीने ओरडला, "एक क्विंटल अठ्ठावीस! ओलं की सुकं?" मी त्याच्या तोंडात मारली असती, पण काट्यावरून उतरायला दोघं लागत होते.

मी हो म्हटलं ते मल्हारीसाठी. त्याला एकदा धावून पकडायचा होता, बस.

ऑपरेशन झालं. पहिल्या सहा महिन्यांत मी काय खाल्लं ते मला कळायच्या आधी संडासाला कळायचं. वस्तीत संडास चार, माणसं हजार. पण माझं टमरेल दिसलं की रांग आपोआप फाटायची. "चतुरामावशीला जाऊ द्या रे!" एवढा मान मला अध्यक्ष होऊनही मिळाला नव्हता. वजन असं उतरलं की चोळ्या उशांना अभ्रे म्हणून वापरल्या. डॉक्टरांनी मला परकरावर उभी करून फोटो काढले, आधीचे आणि नंतरचे, आणि ते घेऊन परदेशात परिषदेला गेले. माझं पोट अमेरिका बघून आलं. मी अजून मनमाडच्या पुढे गेलेली नाही.

दोन वर्षं मी वाऱ्यासारखी होते. मल्हारीला एकदा एमआयडीसीच्या कुंपणापर्यंत पळवला. मग हळूहळू पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. पिठाच्या पोत्यावर चालल्यासारखं वाटायचं. चप्पल वाटेत कुठे सुटली ते कळायचं नाही, घरी येऊन बघावं तर एकच पाय शहाणा. दोनदा वस्तीतल्या पोरांनी चप्पल आणून दिली, तिसऱ्यांदा कुत्र्याने. दिवसा पायांकडे बघत चालले तर ठीक. अंधार पडला, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले, की धरणी वाकडी.

वैद्याने अशक्तपणा सांगितला आणि द्राक्षासवाची बाटली दिली. सहादूंनी झाकण उघडून हुंगलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, ह्यात आहे बरं का."

"काय आहे?"

"जुनी ओळख आहे," म्हणाले आणि बाटली माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले. बिचारे!

तर वंदनेनंतरच्या रविवारी दुपारी विहाराच्या अंगणात मंडळाची सभा बसली. शकुबाईने मागणी केली, अध्यक्ष बदला. तिचं म्हणणं सरळ होतं: "जी स्वतः झिंगते ती दुसऱ्याचं मडकं काय म्हणून फोडती?" मी खरंच झिंगत असते तर बरोबर होतं. मी अध्यक्ष राहिले नसते तर पाचवा गुत्ता बंद व्हायचा राहिलाच असता, बंद झालेले चारही उघडले असते. मल्हारी म्हणूनच चुन्याचा डबा घेऊन आला होता. त्याने अंगणात चांगली लांब रेघ मारली.

"चाला बाई ह्यावरून. आम्ही गिऱ्हाईक असंच तपासतो, लय झाली का नाय ते."

मी चालले. पायांकडे डोळे लावून अशी सरळ चालले की टाळ्या पडल्या.

"आता डोळे मिटून," मल्हारी म्हणाला.

मी डोळे मिटले आणि त्याच्याच गळ्यात पडले. बायका किंचाळल्या, माणसं शिट्ट्या मारायला लागली. मल्हारी ओरडला, "सोडा बाई, मला बायको हाय!"

लताबाई माझ्या उजव्या हातासारखी. ती पुढे आली, माझ्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी... वास येतोय गं."

"औषध आहे!"

"सगळे असंच म्हणतात," मागून कोणीतरी.

मग आमचे सहादू उठले. चार माणसांत कधी बोलत नाहीत. "ही प्यायलेली नाय," म्हणाले. "प्यायलेला माणूस डोळे उघडे ठेवून पडतो. मी पडलोय."

याच्यावर इतके हसले लोक की कुत्री भुंकायला लागली. दारुड्याची साक्ष कोण धरतो?

मला राग आला. मला राग आला की मी विचार करत नाही. पदराची पिन काढली, खाली बसले आणि सगळ्यांसमोर ती माझ्या पायाच्या अंगठ्यात खुपसली, अर्धी. "ओरडले का? सांगा, ओरडले का? पाय मेलेत माझे! दारू नाही ही!"

सगळे वाकून अंगठा बघायला लागले. मग शकुबाई हळूच म्हणाली, "अगं बाई. महारोग."

आणि अंगण रिकामं! आत्ताच माझ्या तोंडाचा वास घ्यायला धडपडणारी माणसं भिंतीला जाऊन चिकटली. मल्हारी तर माझ्या मिठीतून आत्ताच सुटलेला, दोन्ही हात सदऱ्याला पुसत होता, मग सदऱ्याला पुसले म्हणून सदरा काढायला लागला. ते बघून मला असं हसू फुटलं की आवरेना. पायात पिन, डोळ्यात पाणी, आणि मी हसतेय.

"अरे, दारुडी की महारोगी, एक काय ते ठरवा! दोन्ही कामं मला एकटीला झेपायची नाहीत!"

पहिली हसली ती लताबाई. ती भिंतीपासून सुटली, येऊन पिन उपटली, माझ्या काखेत हात घातला. "चला. ज्याने कापलं त्यालाच विचारू. शकुबाई, तू पण चल. नंतर म्हणशील आम्ही बनवून सांगितलं."

रविवारी बस मिळेना. टेम्पो एकट्या मल्हारीकडे. तो तयार झाला, कारण माझा महारोग त्याला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचा होता. अशी ती वरात निघाली: दारूबंदीचं महिला मंडळ गुळाच्या आंबूस वासाच्या टेम्पोत, मी मधोमध, शकुबाई एका टोकाला नाकाला पदर लावून, आणि बनियनवर मल्हारी गाडी हाकतोय.

डॉक्टरांच्या दवाखान्यात सोफे होते. आम्ही त्यांच्यावर बसलो. मग आत घुसलो. डॉक्टरांनी हातोडीने माझे गुडघे ठोकले, पाय हलला नाही. एक लोखंडी चिमटा वाजवून पायाच्या हाडावर धरला. "काही जाणवतं?" मी म्हटलं, "ऐकू येतं."

ते कपाळाला हात लावून म्हणाले, "तुम्ही इंजेक्शनं बंद केलीत का?"

"कोणती इंजेक्शनं?"

"आतडं वळवलं की जीवनसत्त्वं अंगात मुरत नाहीत. बी-ट्वेल्व्ह दर महिन्याला घ्यायचं, जन्मभर. गोळ्याही. नाहीतर नसा मरतात. मी हे सांगितलं होतं!"

"कुणाला?"

ते आठवायला लागले. ऑपरेशननंतर मला घरी सोडलं त्या दिवशी ते इथे नव्हतेच, आणि नंतर भेटले ते फक्त फोटो काढायला.

"परिषदेत," ते बारीक आवाजात म्हणाले. "परिषदेत सविस्तर सांगितलं होतं."

"म्हणजे सातासमुद्रापार गोऱ्या साहेबांना कळलं चतुराबाईला कोणतं इंजेक्शन द्यायचं, आणि चतुराबाई सातपूरला! माझा फोटो तिथवर पोचला आणि तुमची सुई गंगापूर रोडवरून सातपूरला पोचली नाही? शेठाचं पोट असतं तर विसरला असतात?"

"हे बघा, तुम्ही शांत..."

"शांत नंतर. आधी बाहेर चला आणि सगळ्यांना मोठ्याने सांगा मला काय झालंय."

बायकांनी वाटच अडवली. डॉक्टर बाहेर आले, गळ्यातली नळी चाचपली आणि म्हणाले, "यांना महारोग नाही. दारूचाही संबंध नाही. जीवनसत्त्व कमी पडलं."

"कोणाच्यामुळे?" लताबाई.

"...आमच्याकडून राहिलं."

"मोठ्यानं, साहेब!" हे शकुबाई ओरडली. मी बघतच राहिले.

"आमच्याकडून राहिलं!"

मग त्यांनी मला लालभडक औषधाची सुई दिली. म्हणाले, उशीर झालाय, थोडं परत येईल, बोटांचं सांगता येत नाही. यापुढे सगळी इंजेक्शनं त्यांच्याकडून. मी म्हटलं, ते काय विचारायचं राहिलं होतं का!

लताबाईने तिथेच, सोफ्यांच्या मधे, सभा पुढे चालू केली. "चतुरामावशीच अध्यक्ष राहाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." मंडळाचे हात वर गेले. कंपाउंडरचा गेला. पोट दाखवायला आलेल्या एका शेठाणीचा पण गेला, सोन्याच्या पाटल्यांसकट. शकुबाईने हात खालीच ठेवला.

"महारोग नाय, दारू नाय, कबूल," ती म्हणाली. "पण अध्यक्ष पुढं चालतो. ही तर मान खाली घालून चालती. मान खाली घातलेली बाई पुढं कशाला?"

तिच्या बोलण्याने कुणाला नाही तेवढं मला लागलं. कारण ते खरं होतं. पायांकडे बघितलं नाही तर मी पडते. आणि मान खाली घालून चालायचं काम आमच्या आईबापांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, ते माझ्या वाटचंही करून झालंय. ते मी करणार नव्हते.

"उद्या संध्याकाळी मल्हारीच्या गुत्त्यावर मोर्चा," मी म्हटलं. "मान वर करून येते. पडले तर अध्यक्ष तू."

मल्हारी म्हणाला, "माझ्यासमोर ठरवता होय?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला निघालो. मी पुढे, मान ताठ, नजर सरळ गुत्त्याच्या पत्र्यावर. एका बाजूला लताबाई, दुसऱ्या बाजूला सहादू, दोघांनी माझे दंड धरलेले. लताबाई खाली बघायची आणि मला सांगायची.

"खड्डा!" ती ओरडली.

मागच्या दोनशे बायकांना सवय. एका दमात उत्तर आलं, "जिंदाबाद!"

"अगं ए, घोषणा नाय ती! दगड!"

"जिंदाबाद!"

"शेण, मावशी, शेण!"

"जिंदाबाद! जिंदाबाद!"

हसू आवरता आवरता माझे पाय कुठे पडत होते देव जाणे, पण पडत होते एकापुढे एक. गल्लीतली पोरं ओरडायला लागली, म्हाताऱ्या दारात येऊन ओरडायला लागल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मागून, शकुबाईचा. मल्हारी पत्र्याच्या दारात उभा होता. समोरून येणाऱ्या या गर्दीला नेमकं काय हवंय ते त्याला कळेना. त्याने ट्यूब खांद्यावर टाकली.

"गटार!" लताबाई किंचाळली.

"जिंदाबाद!" म्हणत आम्ही सगळ्या गटार ओलांडून गेलो.