आक्कांचे अकरा ठोकळे

"गाभ्यापर्यंत गेलंय, काका! जरा बघा तरी!"

नव्या इंजिनिअर पोरीनं मधोमध कापलेला ठोकळा भट्टीकाकांच्या हातात ठेवला. काकांनी तो उजेडात धरला आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. कडेपासून आतपर्यंत चकचकीत अ‍ॅल्युमिनियम भरलेलं. कुठे पोकळी नाही, की चीर नाही.

काकांचं सगळं आयुष्य या भट्टीपुढे गेलं. सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा साच्यात ठेवायचा आणि वितळलेला धातू दाबानं त्याच्या छिद्राछिद्रांत घुसवायचा. छिद्रं मोकळी आहेत की नाहीत, हे काका जिभेनं ओळखायचे. मोकळी छिद्रं ओल ओढून घेतात; ठोकळा जिभेला चिकटला तर पास, नाही तर बाद. काकांची जीभ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबसुद्धा म्हणायचे. काय रुबाब होता तेव्हा!

आणि शेजारच्या खोलीत आक्का होत्या, भुकटी दाबून ठोकळे करणाऱ्या. केवढा नीटस हात! प्रत्येक ठोकळ्याचा माथा त्या अंगठ्यानं घोटून गुळगुळीत करायच्या. एकदा त्यांचे अकरा ठोकळे काही केल्या जिभेला चिकटेनात.

"पोटात छिद्रं बंद आहेत. सगळे बाद," काका म्हणाले.

"अहो, एक तरी भट्टीत घालून बघा," आक्का काकुळतीला आल्या होत्या.

"आता तुम्ही मला शिकवणार?"

आक्कांना पॅकिंगला टाकलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या.

काल जुनं कपाट आवरताना पोरीला ते ठोकळे सापडले आणि तिनं गंमत म्हणून एक भट्टीत घातला. "वरचा पापुद्रा तेवढा जरा जास्तच घोटला जाऊन बंद झाला होता, काका. धातू खालून शिरला. तुम्ही नुसतं वरूनच चाटलंत वाटतं?" ती हसली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ते पत्ता विचारत आक्कांच्या घरी पोचले. दार आक्कांनीच उघडलं.

"तुमचा ठोकळा," काका कसेबसे म्हणाले. "चांगला होता. माझंच चुकलं, आक्का."

आक्कांनी चष्मा पुसून ठोकळा उलटसुलट पाहिला. आता चार शब्द सुनावतील, असं काकांना वाटलं. सुनावले असते तर बरंच झालं असतं. पण आक्का त्यांच्याकडे पाठ फिरवून आत वळल्या.

"सूनबाई, गॅस बंद कर नि बाहेर ये. मी कारखान्यात खोकी बांधायचे, असं सांगितलं होतं ना तुला? हे बघ. मी हे करायचे."