रस्त्यापलीकडची बहीण

सासूबाईंची धाकटी बहीण हाकेच्या अंतरावर राहायची, पण मधल्या रस्त्यामुळे हाक ऐकू जात नसे. म्हणून सासूबाई रोज संध्याकाळी तो रस्ता ओलांडून तिच्याकडे जात. सरळ, नाकासमोर. सिग्नल होता, पण बराच खाली, वळणापाशी.

सून रस्ते अपघात विभागात होती. पायी चालणारी माणसं कुठे, कधी आणि कशी मरतात याचे नकाशे काढणं ही तिची नोकरी. एकदा जेवताना तिनं विषय काढलाच.

"आई, पायी चालणारे जास्त करून दिवेलागणीला मरतात. रुंद, सरळ रस्त्यावर, सिग्नलपासून लांब. बरेचसे म्हातारे. अंगात गडद कपडे. आणि पुष्कळदा घराजवळच."

सासूबाईंनी खुंटीवरच्या आपल्या काळ्या कोटाकडे पाहिलं. "माझ्याबद्दल बोलतेयस?"

"सरासरीबद्दल बोलतेय."

"मग सरासरीला सांग सिग्नलवरून जायला. मला तिचं घर समोर दिसतंय. द्राविडी प्राणायाम कशाला?"

सुनेनं साहेबांकडे त्या जागी झेब्रा क्रॉसिंग मागितलं. साहेबांनी नकाशा पाहिला. तिथे एकही लाल ठिपका नव्हता.

"तीन मृत्यू लागतात," साहेब म्हणाले. "नियम आहे."

"बाकी सगळी लक्षणं आहेत, सर. फक्त ठिपके पडायचे राहिलेत."

"मग पडू देत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका गाडीचा आरसा सासूबाईंना लागला. त्या पडल्या, मनगट मोडलं. गाडी थांबली नाही. दवाखान्यात सून त्यांचा धड हात धरून बसली. सासूबाईंना सुनेनं सांगितलेला साहेबांचा नियम आठवला.

"आता तरी पडेल ना गं ठिपका?"

"मनगट किरकोळमध्ये धरतात, आई."

"किरकोळ?" हे त्यांना आरशापेक्षा जास्त लागलं.

प्लास्टर वाळलं तशा त्या धाकटीला घेऊन थेट साहेबांपुढे जाऊन बसल्या.

"किती माणसं लागतात म्हणालात?"

"तीन."

"आम्ही दोघीच आहोत. तिसरं तुम्ही बघा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोघींसाठी पाणी मागवलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. मग म्हणाले, क्रॉसिंग काही देता येत नाही, पण दुभाजकाची दुरुस्ती काढता येईल. दुरुस्तीसाठी कोणाला मरावं लागत नाही.

दुभाजकात थांबायला एक ओटा झाला, त्याच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक बसले. गाड्या नाखुशीनं का होईना, हळू होऊ लागल्या.

ओटा झाला त्या संध्याकाळी सून खिडकीत उभी होती. सासूबाई निम्मा रस्ता ओलांडून ओट्यावर चढल्या. समोरून धाकटी आली, तीही चढली. पुढे कोणीच गेलं नाही. दोघी गाड्यांच्या मधोमध बसून गप्पा मारायला लागल्या आणि दिवे लागले तरी उठेनात.

भर रस्त्यात बसून बोलणाऱ्या माणसांसाठी विभागात रकानाच नव्हता. सुनेनं गॅस बारीक केला आणि पुन्हा खिडकीशी येऊन उभी राहिली.