माझं अडतंय

शैलाताईंच्या पाळणाघराला अध्यक्ष नव्हता, सेक्रेटरी नव्हता, आणि याचा शैलाताईंना भारी अभिमान. भाईंदर पश्चिमेला त्यांच्याच हॉलमध्ये नोकरीवाल्या आईबापांनी मिळून ते चालवलेलं. रविवारी सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि सगळ्यांना पटेल तेच ठरवायचं. एकानेही "माझं अडतंय" म्हटलं की विषय जागच्या जागी थांबायचा. मग वाद नाही, मतदान तर नाहीच. फक्त एवढंच विचारायचं, "काय केलं तर सुटेल?" हा नियम शैलाताईंचा. लालबागला चाळीच्या कमिटीत त्यांनी एकाच माणसाची दादागिरी वर्षानुवर्षं पाहिलेली.

त्यांचे यजमान दत्ताराम चिडवायचे, "गट बिनमालकाचा, पण मालकीण आमच्याच घरात." शैलाताई हसून सोडून द्यायच्या.

मग अंधेरीहून क्षितिजा राहायला आली, लेकीला घेऊन गटात आली, आणि सगळं बिनसलं. क्षितिजा कामसू, वर बोलायला गोड. आजवर शैलाताईंच्या तोंडाकडे बघणारे लोक आता "क्षितिजाला विचारूया ना" म्हणायला लागले. पोरं दारातूनच ओरडायची, क्षितिजामावशी कुठेय? ज्यांची शी-शू शैलाताईंनी काढली ती पोरं हो! बाईंचा नुसता जळफळाट. वरून हसायच्या आणि क्षितिजाच्या चहात साखर कमी घालायच्या.

अशात क्षितिजाने जवळच्या मोरवा गावातलं एक घर शोधलं. मोठं अंगण, झाडं. घरमालकीण सरूबाई म्हणालेल्या, "या की, न्हाय कोन म्हनतोय? पोरांना जागा हाय." रविवारी सगळ्यांच्या माना डोलल्या. एका मुलाचा बाप नीरज, त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाचं अडतंय?"

"माझं अडतंय," शैलाताई म्हणाल्या. हॉल गेला तर आपल्याला कोण विचारतंय, ही खरी गोष्ट. ती कशी सांगणार? "अंगणात विहीर आहे."

पुढच्या रविवारपर्यंत क्षितिजाने विहिरीवर जाळी बसवून घेतली. मग शैलाताईंचं रिक्षाच्या खर्चावरून अडलं, तर आईबापांनी पोरांना चालत न्यायच्या पाळ्या लावल्या. मग सरूबाईंच्या कुत्र्यावरून अडलं, तर सरूबाईंनी कुत्रा भावाकडे तारोडीला धाडला. आणि दर वेळी ती क्षितिजा तितक्याच मऊपणे विचारायची, काय केलं तर सुटेल? भांडली असती तर परवडलं असतं.

या रविवारी शैलाताईंकडे कारणच उरलं नाही.

"काय केलं तर सुटेल, शैलाताई?"

"तू यायची बंद झालीस तर."

तोंडातून गेलं ते गेलं. क्षितिजाचा चेहरा पडला. ती म्हणाली, "बरं. नाही येत मी." आणि पर्स उचलून उठली.

नीरजने बारीक आवाजात विचारलं, "कुणाचं अडतंय?"

 क्षितिजाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे शैलाताईंकडे बघत होते. इतके महिने याच नजरेसाठी त्या तळमळत होत्या. पण ही नजर त्यांच्या ओळखीची होती. चाळीच्या कमिटीत त्या दादागिरीवाल्याकडे त्या स्वतः अशाच बघायच्या, समोरचा काय म्हणतोय याचा अंदाज घेत, तोंड मिटून. उद्या सकाळी पोरं याच हॉलमध्ये सोडायची होती ना सगळ्यांना. आतल्या दारात दत्ताराम पेपर घेऊन उभे होते. आज त्यांनीही चिडवलं नाही. शैलाताईंना स्वतःचीच शिसारी आली.

दाराशी क्षितिजा चपला घालत होती.

"माझं अडतंय," शैलाताई म्हणाल्या.

एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी क्षितिजा थांबली. डोळे भरलेले, तरी सवयीने तिच्या तोंडून निघालं, "काय केलं तर सुटेल?"

 नियम म्हणजे नियम, उत्तर मिळेपर्यंत कुणी हलायचं नाही.

"आधी ती चप्पल काढ," त्या म्हणाल्या. "इथे माझ्या बाजूला येऊन बस. मग सांगते, माझं कशावर अडलं होतं ते."